हाडाची उलाढाल

मराठीत हाडाला दोन शब्द आहेत आणि दोघांची वस्ती वेगळी आहे. ‘हाड’ जिवंत माणसाचं. एखादी बाई हाडाची शिक्षिका असते, एखाद्याची सवय हाडीमांसी खिळलेली असते, आईबाप हाडाची काडं करून मुलं वाढवतात, भावकीत पिढ्यान्‌पिढ्या हाडवैर चालतं. घसरून आपटल्यावर ज्याची पहिली आठवण होते ते माकडहाडही याच बाजूचं. ‘अस्थी’ मात्र माणूस गेल्यावरच घरात येतात. त्या गोळा करायच्या, कलशात ठेवायच्या, नाशिकला रामकुंडात किंवा जवळच्या नदीत सोडायच्या. संस्कृतात नपुंसकलिंगी असलेला हा शब्द मराठीनं स्त्रीलिंगी केला आणि जवळजवळ कायमचा अनेकवचनीही.

वैद्यकाची परिभाषा घडवताना संस्कृताकडे जाणं साहजिक होतं. त्यामुळे चालत्याबोलत्या माणसाच्या हाडांवर उपचार करणारे ‘अस्थिरोगतज्ज्ञ’ झाले आणि हाडं ठिसूळ होण्याच्या विकाराला ‘अस्थिसुषिरता’ असं नाव मिळालं. नाव चुकीचं नाही. पण अंत्यविधीत रुळलेला शब्द आपल्याबरोबर एक समजूतही घेऊन येतो. सगळं जळून गेल्यावर जे मागे राहतं ते हाड, म्हणजे काहीतरी कठीण, कोरडं आणि न बदलणारं. ही समजूत मनात असलेल्या बाईच्या हातात डॉक्टर ‘बोन टर्नओव्हर मार्कर’ अशी तपासणीची चिठ्ठी देतात, तेव्हा ती गोंधळते. हाडाचा टर्नओव्हर म्हणजे काय, आणि मार्कर कशाचा? ऑस्टिओपोरोसिसचे उपचार आज घरोघरी चालू आहेत आणि ही चिठ्ठी अनेकांच्या हाती येते. तिच्यातले शब्द उलगडले, तर रिपोर्टमधले आकडे वाचणं पुष्कळ सोपं होतं असं मला मनापासून वाटतं.

आधी हाडाचंच पाहू. ‘हाड’ हा प्राकृतातल्या ‘हड्ड’चा वारस. हिंदीत तो हड्डी, गुजराती-बंगालीत हाड, पंजाबीत हड्ड. लोकांच्या तोंडचा हा शब्द पुढे संस्कृत कोशकारांनीही नोंदवला. ‘अस्थि’चा गोतावळा याहून जुना आणि लांबवर पसरलेला आहे. अवेस्तेत ‘अस्त’, फारसीत ‘उस्तुख्वान’, लॅटिनमध्ये ‘ऑस’, ग्रीकमध्ये ‘ऑस्टिऑन’. म्हणजे ऑस्टिओपोरोसिसमधला ‘ऑस्टिओ’ आपल्या अस्थीचा सख्खा नातेवाईक आहे, परका नाही. आपल्या जुन्या व्याकरणकारांनी मात्र वेगळी वाट धरली. उणादिसूत्रांच्या परंपरेत ‘अस्थि’ हा शब्द ‘अस्’ म्हणजे फेकणे या धातूपासून साधतात. फेकलं जातं ते अस्थि. तौलनिक भाषाशास्त्राला ही व्युत्पत्ती मान्य होणार नाही, पण हाडाकडे उरलंसुरलं म्हणून पाहण्याची दृष्टी किती जुनी आहे ते तिच्यातून कळतं.

त्याच शब्दाची एक दुसरी शाखा कोकणात भेटते आणि ती मला फार आवडते. पालीत ‘अट्ठि’ म्हणजे हाड, आणि ‘अट्ठि’ म्हणजेच फळातली कोयही. आपल्याकडे फणसाच्या बीला आठळी म्हणतात. पावसाळ्यासाठी राखून ठेवलेल्या, भाजून किंवा भाजीत घालून खाल्लेल्या त्या आठळ्यांचं नातं व्युत्पत्तीचे अभ्यासक याच अट्ठीशी लावतात. गरात दडलेला कठीण भाग तो अट्ठि. पण आठळी मातीत पडली की तिला कोंब फुटतो. कठीण आहे म्हणून ती निर्जीव नसते. हाडाचंही तसंच आहे, आणि ते युरोपातल्या शास्त्रज्ञांना कसं कळलं हे पुढे येईलच.

‘ऑस्टिओपोरोसिस’ हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. स्ट्रासबुर्गचे विकृतिशास्त्रज्ञ जाँ लॉबस्टीन यांनी काही रुग्णांच्या हाडांतली छिद्रं नेहमीपेक्षा मोठी पाहिली आणि फ्रेंचमध्ये ‘ऑस्टिओपोरोज’ असं नाव दिलं. यातला ग्रीक ‘पोरोस’ म्हणजे वाट, आरपार जाण्याची जागा. बॉस्फरसच्या सामुद्रधुनीच्या नावातला ‘फरस’ तोच. बैल पार जातो ती जागा असा त्या नावाचा अर्थ. आपला ‘पार’ त्याच प्राचीन धातूच्या कुळातला. नाव मिळालं तरी हा विकार सर्वसामान्य डॉक्टरांच्या नजरेत यायला शंभरेक वर्षं गेली. १९४१ मध्ये बोस्टनच्या फुलर ऑलब्राइट यांनी पाळी गेल्यानंतरच्या ऑस्टिओपोरोसिसचं सविस्तर वर्णन केलं आणि बायकांच्या शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होण्याशी त्याचा संबंध जोडला.

मराठीत ज्यांनी ‘सुषिर’ शब्द निवडला त्यांचा कान चांगला होता. बासरी, सनई, शंख ही सुषिर वाद्यं. पोकळीतून वारा जाऊन वाजणारी. पोरोसला इतका नेमका प्रतिशब्द दुसरा नाही. तरीही तो बोलण्यात आला नाही. लोक म्हणतात, “हाडं ठिसूळ झालीत.” हे म्हणणं अगदी बरोबर आहे, कारण रुग्णाला छिद्र दिसत नाही, तिला मनगट मोडलेलं दिसतं, खुब्यातून मोडलेली मांडी दिसते, मणका दबून कमी झालेली उंची दिसते.

बिघाड होतो तो तिसऱ्या शब्दामुळे, आणि तो सर्वांत जास्त वापरला जातो. हा शब्द म्हणजे झीज. संस्कृत ‘क्षीयते’, प्राकृत ‘झिज्जइ’, मराठी ‘झिजणे’ अशी त्याची सरळ वंशावळ आहे. मुळात अर्थ नुसता कमी होण्याचा, क्षय पावण्याचा. मराठीत मात्र त्यात घासण्याचा अर्थ भरला. चंदन सहाणेवर झिजतं, चपला रस्त्यावर झिजतात, उंबरठा पावलांनी झिजतो. जे वापरात असतं ते झिजतं. गुडघ्यातली कूर्चा खराब होते त्या विकाराला ‘गुडघ्याची झीज’ म्हणणं यात निदान काही तथ्य आहे. पण हाच शब्द ऑस्टिओपोरोसिसला लावला की दोन निराळे आजार एका नावाखाली येतात. गुडघा दुखतो म्हणून घेतलेल्या गोळ्या हाडांच्या ठिसूळपणासाठी आहेत असं समजणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि उलटही.

याहून मोठं नुकसान दुसरंच आहे. झीज म्हटलं की उपाय ठरलेला : वापर कमी करा. हाडं झिजली असं कळलेली बाई जिने चढणं सोडते, चालणं कमी करते, घरातली माणसंही प्रेमानं म्हणतात, “तू बस, आम्ही करतो.” हाडाच्या बाबतीत ही काळजी नेमकी उलटी पडते. हाडावर भार पडला नाही तर शरीर ते कमी करत जातं. अवकाशात वजनरहित अवस्थेत राहणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता दर महिन्याला एक ते दीड टक्क्यानं घटत जाते. त्यांची हाडं कशावरही घासलेली नसतात. भार नाही, एवढंच कारण. ज्या विकारात चालणं, उभं राहणं, ताकदीचे व्यायाम हा उपचाराचा भाग आहे, त्याला झीज म्हणणं थांबवायला हवं. हे माझं ठाम मत आहे.

मग शब्द कुठला? तो चिठ्ठीतच आहे. व्यापारातल्या ‘टर्नओव्हर’ला मराठीत आपण उलाढाल म्हणतो. शेअर बाजारातली दिवसाची उलाढाल, बाजार समितीतली कांद्याची उलाढाल. माल येतो, माल जातो. हाडातही हेच चालू असतं. जुनं हाड काढलं जातं, त्या जागी नवं भरलं जातं. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो. आणि व्यापाऱ्याला जे सांगावं लागत नाही तेच इथं रुग्णाला सांगायचं असतं. उलाढाल वेगळी, शिल्लक वेगळी. उलाढाल प्रचंड असून दुकान तोट्यात असू शकतं. पाळी गेल्यानंतरच्या वर्षांत हेच होतं. इस्ट्रोजेनचा लगाम सुटतो, हाड काढण्याचा वेग वाढतो, भरण्याचाही वाढतो, पण भरणं काढण्याला पुरं पडत नाही. बीएमडी म्हणजे हाडाची घनता मोजणारी डेक्साची तपासणी शिल्लक दाखवते. रक्तातले मार्कर उलाढालीचा वेग दाखवतात. एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही. म्हणून मार्करवरून ऑस्टिओपोरोसिसचं निदान करत नाहीत. त्यासाठी डेक्सा, आधी झालेले फ्रॅक्चर आणि रुग्णाचा सगळा इतिहास पाहावा लागतो.

हाड असं सतत बदलतं हे पहिल्यांदा एका जेवणात दिसलं. लंडनचे सर्जन जॉन बेल्चर कापड छापणाऱ्या एका व्यावसायिकाकडे जेवायला गेले होते. ताटातल्या डुकराच्या मांसातली हाडं त्यांना लाल दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं की कापड रंगवताना उरलेला, मॅडरच्या रंगानं माखलेला कोंडा त्या जनावरांना घातला जात होता. १७३६ मध्ये बेल्चर यांनी हे रॉयल सोसायटीला कळवलं. मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेची युरोपातली बहीण. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी, रक्तशुद्धीच्या काढ्यात पडणारी ती मंजिष्ठा. आणि ज्या कापडाच्या छपाईसाठी हा रंग लागत होता त्या ‘कॅलिको’चं नाव कालिकत बंदरावरून पडलेलं. पुढे फ्रान्समध्ये दुआमेल यांनी जनावरांना काही काळ मॅडर घातलं, काही काळ बंद केलं आणि हाडांत लाल-पांढरे थर मोजले. इंग्लंडमध्ये जॉन हंटर यांनी त्याच रंगाच्या आधारानं दाखवलं की हाड एकीकडे वाढतं तेव्हा दुसरीकडून काढलंही जातं.

‘मार्कर’ हा शब्द शब्दशः लागू व्हावा असा हाडाचा पहिला मार्कर हा मॅडरचा रंग. विसाव्या शतकात त्याची जागा टेट्रासायक्लिननं घेतली. हे प्रतिजैविक नव्या बनत्या हाडात जाऊन बसतं आणि अतिनील प्रकाशात चमकतं. ठरावीक दिवसांच्या अंतरानं दोनदा दिलं की दोन चमकत्या रेषा मिळतात, आणि त्यांच्यातलं अंतर मोजून हाड किती वेगानं भरलं ते काढता येतं. अमेरिकेतले हॅरल्ड फ्रॉस्ट यांनी या पद्धतीवर मोठं काम केलं. काढणं आणि भरणं ही दोन वेगळी कामं नसून पेशींची एकच टोळी एका जागी आधी काढते आणि मग भरते, ही कल्पना त्यांनी रुजवली. काढायला काही आठवडे लागतात, भरायला काही महिने. या अंतराला उपचारात फार महत्त्व आहे.

त्या पेशींची नावं त्याआधीच पडली होती. १८६४ मध्ये गेगेनबाउर यांनी हाड बनवणाऱ्या पेशींना ऑस्टिओब्लास्ट म्हटलं. ‘ब्लास्टोस’ म्हणजे अंकुर. म्हणजे आठळीला फुटणारा कोंब ग्रीकमधूनही हाडाकडे आलाच. १८७३ मध्ये क्योलिकर यांनी हाड पोखरणाऱ्या, अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट नाव दिलं. ‘क्लास्टोस’ म्हणजे मोडलेला. मूर्तिभंजकाच्या इंग्रजी नावात, आयकॉनोक्लास्टमध्ये, तोच आहे. भंजक म्हटलं की शत्रू वाटतो. पण ऑस्टिओक्लास्ट नसते तर रोजच्या चालण्यानं पडलेले बारीक तडे हाडात साचत गेले असते. जुनं निघाल्याशिवाय नवं येत नाही.

मराठीत यासाठी खरं तर तयार जोडी आहे. ‘चि’ म्हणजे गोळा करणे या धातूपासून चय म्हणजे साठणं, अपचय म्हणजे घटणं, आणि दोन्ही मिळून चयापचय. शाळेतल्या पुस्तकात आपण तो पाठ केला, पण त्यात दोन शब्द आहेत हे बहुतेकांच्या लक्षात राहिलं नाही. दहनानंतरच्या ‘अस्थिसंचयन’ विधीतही हाच ‘चि’ आहे. आयुष्यभर हाडांत जो चय चालतो, त्याच धातूनं बनलेल्या शब्दानं शेवटचा संचयही सांगितला जातो.

आता ‘मार्कर’. जुन्या इंग्रजीत ‘मेअर्क’ म्हणजे हद्दीची खूण. लॅटिनमधला ‘मार्गो’ म्हणजे कडा आणि फारसीतला ‘मर्ज़’ म्हणजे सरहद्द ही त्याची भावंडं. मराठी घरात मात्र या शब्दाला दोन सावल्या चिकटल्या आहेत. एक परीक्षेच्या मार्कांची, म्हणजे आकडा जितका जास्त तितकं चांगलं. दुसरी ट्यूमर मार्करची, म्हणजे आकडा वाढला की संकट. रिपोर्ट हातात घेणारी व्यक्ती या दोहोंपैकी एका समजुतीनं तो वाचते, आणि इथं दोन्ही लागू नाहीत.

या तपासण्यांची नावं भीतिदायक असली तरी त्यांच्या पोटात चक्क स्वयंपाकघर आणि सुताराचं दुकान आहे. हाडातल्या सेंद्रिय भागाचा सुमारे नव्वद टक्के हिस्सा कोलाजेनचा असतो, तोही मुख्यतः पहिल्या प्रकारच्या. ‘कोला’ म्हणजे ग्रीकमध्ये चिकटवण्याचा सरस. कागद चिकटवून केलेलं कोलाज त्याच कुळातलं. कातडी आणि हाडं उकळून काढलेला सरस आपले सुतार पिढ्यान्‌पिढ्या लाकूड जोडायला वापरत आले, आणि ‘सरस’ हा शब्द फारसी ‘सिरीश’वरून आपल्याकडे आला. जे उकळल्यावर सरस देतं ते कोलाजेन. हाडाचा कठीणपणा चुन्याच्या क्षारांचा आणि चिवटपणा या सरसाचा.

नवं हाड बनवताना पेशी आधी प्रोकोलाजेन तयार करते. ‘प्रो’ म्हणजे आधीचं. आपला उपसर्ग ‘प्र’ त्याचाच भाऊ. त्याच्या दोन्ही टोकांचे जास्तीचे तुकडे कापले जातात आणि मग उरलेला भाग धाग्यात विणला जातो. कापलेला एक तुकडा रक्तात येतो. त्याला पी१एनपी म्हणतात. तो जास्त सापडला, म्हणजे भरणं जोरात चालू आहे. उलट बाजूला ऑस्टिओक्लास्ट ‘कॅथेप्सिन-के’ हे विकर सोडून जुनं कोलाजेन तोडतो. कॅथेप्सिनच्या ग्रीक मुळाचा अर्थ शिजवून विरघळवणं. त्यातून सुटलेला कोलाजेनच्या टोकाचा बारीक तुकडा म्हणजे टेलोपेप्टाइड, आणि रिपोर्टवरचा सीटीएक्स हा त्याचा एक प्रकार. मोजला जाणारा हा तुकडा अवघ्या आठ अमिनो आम्लांचा. त्यातला ‘टेलो’ टेलिफोनमधल्या दूरचा नाही. तो ‘टेलोस’, म्हणजे शेवट. ‘सी’ कॅल्शियमचा नाही, रेणूच्या कार्बोक्सिल टोकाचा आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण सीटीएक्स कमी आलं म्हणजे कॅल्शियम कमी झालं असा अर्थ लावून घाबरणारे पुष्कळ आहेत.

आणि ‘पेप्टाइड’? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी पचनाशी संबंधित ग्रीक शब्दावरून हे नाव घडवलं. त्या ग्रीक धातूचा संस्कृत भाऊ ‘पच्’. पचणे, पक्व, पाक, स्वयंपाक हे सगळे त्याच घरचे. टेलोपेप्टाइड म्हणजे टोकाचा पचलेला तुकडा. हाड शरीरात पचतं, त्याचा उरलेला अंश रक्तात येतो, मूत्रपिंडातून बाहेर पडतो, आणि प्रयोगशाळा तो मोजते.

इथं आयुर्वेदाची आठवण होते. सप्तधातूंत अस्थी हा पाचवा धातू, आणि प्रत्येक धातू घडताना मागे मल राहतो असं आयुर्वेद मानतो. अस्थीचा मल म्हणजे केस आणि नखं. अस्थिक्षयाच्या लक्षणांत चरकसंहितेत केस, नखं आणि दात गळणं, थकवा आणि सांधे सैल होणं येतं. चरकानं हाडं ३६० मोजली, सुश्रुतानं ३००. आजची मोजणी २०६ ची, आणि फरक मुख्यतः दात, नखं, कूर्चा धरायच्या की नाही यातला. त्या काळी रक्तातले तुकडे कोणाला माहीत असणं शक्य नव्हतं आणि तसा दावा मी करत नाही. पण धातूची स्थिती त्याच्या उरलेल्या अंशावरून ओळखावी, हा विचार आपल्याकडे जुना आहे. मार्करचं तत्त्व समजायला तो उपयोगी पडतो.

आणखीही मार्कर आहेत. अल्कलाइन फॉस्फेटेज तर यकृताच्या साध्या तपासणीतही दिसतं, कारण ते यकृतही बनवतं आणि हाडंही. म्हणून हाडासाठी त्याचा वेगळा प्रकार मोजावा लागतो. पूर्वी लघवीतलं हायड्रॉक्सीप्रोलिन मोजत आणि त्यासाठी पथ्य पाळावं लागे. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑस्टिओपोरोसिस फाउंडेशन आणि प्रयोगशाळा-वैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं काढण्यासाठी सीटीएक्स आणि भरण्यासाठी पी१एनपी या दोन रक्ततपासण्या संदर्भ म्हणून सुचवल्या.

उपचारात यांचा उपयोग काय, हे आता सांगता येईल. सर्वांत जास्त दिली जाणारी औषधं बिस्फॉस्फोनेट गटातली : अ‍ॅलेंड्रोनेट, रायसेड्रोनेट, झोलेड्रोनेट. जुन्या लिखाणात यांना डायफॉस्फोनेट म्हणत. ‘बिस्’ म्हणजे दोनदा, लॅटिनमध्ये जुनं रूप ‘डुइस्’, आणि संस्कृतात तंतोतंत ‘द्विस्’. ही औषधं हाडात बसून ऑस्टिओक्लास्टचं काम मंदावतात. सीटीएक्स काही आठवड्यांत खाली येऊ लागतं आणि तीन महिन्यांत घट स्पष्ट दिसते. पी१एनपी मागाहून, तीन ते सहा महिन्यांत उतरतं, कारण काढणं कमी झालं की काही काळानं भरणंही कमी होतं. भरण्याचा आकडा उतरला म्हणून औषधानं नुकसान केलं असं समजू नये. डेक्साच्या शिल्लकेत फरक दिसायला मात्र एक ते दोन वर्षं जातात. एवढा काळ अंधारात न राहता औषध पोचतंय का हे मार्कर लवकर सांगतात.

पोचतंय का, हा प्रश्न खरा आहे. अ‍ॅलेंड्रोनेटच्या गोळीतलं एक टक्क्याहून कमी औषध पोटातून रक्तात शिरतं. ती सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची, नंतर अर्धा तास काही खायचं नाही आणि आडवंही व्हायचं नाही. सकाळच्या चहाबरोबर घेतली तर जवळजवळ सगळी वाया. मार्कर उतरले नाहीत तर डॉक्टर आधी हेच विचारतात, आणि त्यात रुग्णावर संशय नसतो. २०१७ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञगटानं सुचवलेल्या हिशेबात औषध लागू पडतंय असं म्हणायला सीटीएक्स निदान ५६ टक्के आणि पी१एनपी निदान ३८ टक्के उतरायला हवं. त्याहून कमी बदल नुसत्या चढउताराचाही असू शकतो.

घट मोजायची तर पहिला आकडा हवा. तो औषध सुरू होण्यापूर्वीचा असावा, आणि दोन्ही वेळा प्रयोगशाळा तीच असावी. सीटीएक्स पहाटे सर्वांत वर असतं, दुपारी खाली जातं आणि खाल्ल्यानं आणखी उतरतं. म्हणून रक्त सकाळी, उपाशीपोटी द्यायचं. हाड नुकतंच मोडलं असेल तर ते जुळून येताना मार्कर कित्येक महिने चढे राहतात. मूत्रपिंड अशक्त असेल तर सीटीएक्स साचून वाढलेलं दिसतं. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते आवर्जून सांगावं, कारण काही यंत्रांच्या पद्धतीत बायोटिनमुळे आकडा खोटाच कमी येतो. केसांसाठी घेतलेली गोळी हाडाचा रिपोर्ट बिघडवते, हे कोणाच्या सहज मनात येत नाही.

काही औषधांत दिशाच उलटी असते. टेरिपॅराटाइडचं रोजचं इंजेक्शन भरणं वाढवतं. तिथं पहिल्या काही महिन्यांत पी१एनपी वर गेलं पाहिजे. एकीकडे उतरलेला आकडा चांगला, दुसरीकडे चढलेला. शेजारणीचा रिपोर्ट शेजारी ठेवून आपला वाचू नये, तो यासाठी. रोमोसोझुमॅब सुरुवातीला भरणं वाढवतं आणि काढणं कमी करतं. या नव्या औषधांच्या नावांतही हाड लपलेलं आहे. ‘मॅब’ म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडी. त्याआधीचा ‘स’ किंवा ‘सो’ हा लॅटिन ‘ऑस’चा अंश, हाडासाठीचं औषध अशी ओळख सांगणारा. डेनोसुमॅबमधला ‘स’ तोच.

डेनोसुमॅबबद्दल मात्र शब्दांपलीकडचं काही सांगणं भाग आहे. दर सहा महिन्यांनी घ्यायचं हे इंजेक्शन सीटीएक्स काही दिवसांतच खाली आणतं. पण ते हाडात साठून राहत नाही. मुदत उलटली की दबलेली उलाढाल उसळते, मार्कर उपचारापूर्वीच्या पातळीच्याही वर जातात, मिळवलेली घनता जाते, आणि काही रुग्णांत एकापाठोपाठ अनेक मणके मोडतात. तुमच्या घरात कोणी डेनोसुमॅब घेत असेल तर पुढच्या इंजेक्शनची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा, गावाला जायचं असलं तरी ती पुढे ढकलू नका, आणि थांबवायचं ठरलं तर त्यानंतर कोणतं औषध घ्यायचं हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.